कार्बनच्या नावाखाली ॲल्युमिनियमची नळी, आणि माझे १४,८५० रुपये

कोल्हापूर-सांगलीकडं सेकंडहँड कॅमेऱ्याचं सामान घेणाऱ्या सगळ्यांनी हे वाचा. सांगायची लाज वाटतेय, पण गप्प बसलो तर तो माणूस अजून चार जणांना लुटेल.

माझ्याकडं निकॉनची २००-५०० लेन्स आहे. ती एकटीच २.३ किलो, वर बॉडी. कळंब्याच्या तलावावर पक्ष्याची वाट बघत ती हातात धरून बघा, खांदा निघून येतो. म्हणून दणकट मोनोपॉड, म्हणजे कॅमेऱ्याला आधार देणारी एका पायाची काठी, शोधत होतो. एका मोठ्या परदेशी कंपनीचा कार्बन फायबरचा, चार भागांचा, १४,५०० ला मिळतोय अशी जाहिरात दिसली. नवा घ्यायचा तर पंचवीस हजारांच्या वर जातो. विकणारा म्हणाला, "मूळचा निपाणीचा हाय भावा, नोकरीला पुण्यात असतो." बोलणं अगदी आपल्यातलं. अशा माणसावर कुणीही विश्वास ठेवला असता.

आधी ५,००० टोकन, पॅकिंगचा व्हिडिओ आल्यावर ९,५००, आणि कुरियरचे ३५०. पद्धत तुम्हाला माहीत आहेच.

मला जाळतंय ते बिल. मी मागितलं, त्यानं लगेच फोटो पाठवला. दुकान बेंगळुरूचं, आणि जीएसटी नंबर २७ नं सुरू होणारा! २७ म्हणजे महाराष्ट्र. कर्नाटकाचा कोड २९. ते दोन आकडे माझ्या डोळ्यासमोर होते, मी फोटो मोठा करून तारीख आणि मॉडेल वाचलं, आणि त्या आकड्यांवरून नजर पुढं सरकली. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की दुकानाचं नाव फुकट दिसतं. पण बिल हातात आल्यावर जीएसटीचा कोड कोण तपासतं? बिल मागणं हीच खबरदारी असं सगळे सांगतात, आणि ती मी घेतली होती. व्हिडिओ कॉलवर खालचा, सगळ्यात बारीक भाग बाहेर काढून दाखव म्हणालो, तर "लाईट गेलीय" म्हणाला. आपल्याकडं लाईट जातेच, त्यात संशय कसला घ्यायचा?

पार्सल आलं. पहाटे तलावावर हातात धरला तर नळी गारठलेली. कार्बन असा गार लागत नाही. लेन्स लावून थोडा भार दिला आणि खालचा लॉक सुटून नळी सरकन आत गेली. पट्टा गळ्यात होता म्हणून लेन्स वाचली. घरी नखानं खरवडलं, तर कार्बनच्या विणीचं स्टिकर निघालं आणि खाली चकचकीत ॲल्युमिनियम. ट्विस्ट लॉकच्या, म्हणजे पिळून आवळायच्या लॉकच्या आत नळीला आवळून धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात, त्यातली एक नव्हतीच. जाहिरातीत मात्र १५ किलो पेलतो म्हणून लिहिलेलं. सगळे भाग उघडून, लॉक आवळून, दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकून बघितल्याशिवाय मोनोपॉड घेऊ नका. आकड्यावर तर अजिबात जाऊ नका.

आता तक्रारीचं ऐका. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. "वस्तू मिळाली ना? मग हा मालाचा वाद, ग्राहक मंचात जा." १९१५ ला, ग्राहक हेल्पलाइनला केला. "विकणारा खाजगी माणूस आहे, व्यापारी नाही, पोलिसांत जा." पोलीस ठाण्यात गेलो, तर साहेबांनी मोनोपॉड हातात फिरवला आणि विचारलं, "ह्या काठीला पंधरा हजार?" पुढं बसलेले दोघे हसले. खोटं बिल दाखवून पैसे काढणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, असं मी सांगितलं. "अर्ज ठेवून जा, बघू." पोच मागितली तर कपाळाला आठ्या. बँकेत गेलो तर म्हणे पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार. म्हणजे प्रत्येकानं दुसऱ्याचं दार दाखवायचं, आणि तोवर त्या भामट्यानं खातं रिकामं करायचं! माझ्याकडं त्याचा नंबर, यूपीआय आयडी, खोटं बिल, व्हिडिओ, सगळं आहे. कुणी मागतच नाही.

पैसे गेले असतील तर पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका. चॅट पुसू नका. आणि बजेट कमी असेल तर दुकानात हाताळून साधा ॲल्युमिनियमचाच घ्या, जाड नळीचा. जड लेन्सला तो पुरतो.

त्याच फोटोंची जाहिरात परवा पुन्हा दिसली, नाव वेगळं, गाव वेगळं. पिवळी सतरंजी, तिच्यावर आडवा मोनोपॉड, शेजारी लाल पिशवी. असा फोटो आला आणि पैसे गेले असतील तर मला कळवा. चार-पाच जण एकत्र जाऊन थेट पोलीस अधीक्षकांकडं लेखी अर्ज देऊ.