रायमन ऑडिटोरियम, नॅशविल : फोटोचं नंतर बघा, आधी बाकावर बसा

कंट्री म्युझिक, म्हणजे अमेरिकेतलं गावाकडच्या ढंगाचं संगीत, त्यातल्या गायकांची मला धड दोनच नावं माहिती, जॉनी कॅश आणि डॉली पार्टन. त्यामुळे नॅशविलला जाऊन जुना हॉल बघायला पैसे घालवायचे का असं वाटत होतं, पण बाबा इकडे अमेरिकेत आलेले, अटलांटाहून चार तासांचा ड्राइव्ह, वर टाइमझोन बदलतो म्हणून जाताना एक तास फुकटात मिळतो, म्हटलं चला. दिवसाची साधी टूर घेतली, आपली आपण फिरायची. बॅकस्टेजवाली वेगळी आणि महाग, ती सोडली.

मुळात हे थिएटरच नाही. टॉम रायमन म्हणून बोटींचा धंदा करणारा एक कॅप्टन होता, तो सॅम जोन्स नावाच्या प्रवचनकाराचं ऐकून पार बदलला आणि अशा प्रवचनांसाठी ही इमारत उभी केली, 1892 मध्ये. म्हणून आत खुर्च्या नाहीत, चर्चसारखी लांबलचक लाकडी बाकं आहेत आणि रंगीत काचांच्या खिडक्या. पाठदुखीवाल्यांनी रात्रीच्या शोला जाताना विचार करा, दिवसा काय, हवं तेव्हा उठता येतं.

सुरुवातीचा छोटा शो चुकवू नका. त्यात इथली जुनी मॅनेजर लूला नॅफ भेटते, बाईने 1955 पर्यंत हा हॉल चालवला आणि पुरुषांच्या धंद्यात अडचण नको म्हणून सही करायची नुसतं एल. सी. नॅफ. जादूगार हूडिनीसुद्धा इथे येऊन गेलाय.

पण लोक येतात ते ग्रँड ओल ऑप्रीसाठी. एका विमा कंपनीच्या रेडिओ स्टेशनवर 1925 मध्ये सुरू झालेला कंट्री गाण्यांचा कार्यक्रम हा, 1943 ते 1974 शनिवारी रात्री इथून लाइव्ह जायचा. कंट्री गायक हँक विल्यम्स पहिल्यांदा आला 11 जून 1949 ला, 'लव्हसिक ब्लूज' म्हटलं, आणि लोकांनी म्हणे त्याला सहा वेळा परत बोलावलं. हे बाबांना सांगितलं तर लगेच, "म्हणजे वन्समोअर! मग असं सांग ना." त्यांच्या डोक्यात डायरेक्ट संगीत नाटक सुरू. पुढचं सांगितल्यावर मात्र गप्प झाले. दारूपायी 1952 च्या ऑगस्टमध्ये ऑप्रीने त्याला काढलं आणि 1 जानेवारी 1953 ला तो गेला, वय 29.

एल्व्हिस पण इथे गायलाय, 2 ऑक्टोबर 1954, एकदाच. बिल मन्रोचं गाणं आपल्या पद्धतीने म्हटलं, लोकांना फारसं रुचलं नाही, संपला विषय. ज्या मन्रोचं गाणं, त्याच्याच बँडमध्ये 1945 च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी बँजो वाजवायला उभा राहिला आणि कंट्रीच्या ज्या प्रकाराला आज ब्लूग्रास म्हणतात त्याची सुरुवात तिथून धरतात.

मला सगळ्यात आवडली ती कॅशची गोष्ट. 1965 मध्ये गोळ्यांच्या नशेत त्याने माइकच्या स्टँडने स्टेजच्या कडेचे दिवे एका टोकापासून फोडत नेले, ऑप्रीने सांगितलं परत येऊ नकोस. आणि चारच वर्षांनी, 1969 मध्ये, त्याच स्टेजवर त्याचा स्वतःचा टीव्ही शो, पहिल्या भागाला पाहुणा कोण तर बॉब डिलन! अरे काय माणूस.

स्टेजवर चढू देतात, फोटो काढतात. पण तिथे खाली बघा, आजची फळी 2012 ची, नवीन लाकूड, फक्त पुढच्या कडेला जुन्या स्टेजची फिकट पट्टी ठेवलीय, जेमतेम दीड फूट रुंद. बाबा तिच्यावर चपलेसकट उभे राहिले आणि मग एकदम मागे सरकले, देवळात चुकून उंबऱ्यावर पाय पडल्यासारखे. जुन्या स्टेजचा मधला गोल तुकडा तर 1974 मध्येच कापून ऑप्रीच्या नव्या इमारतीत नेलाय, तो बघायचा तर तिकडे वेगळं तिकीट.

ऑप्री गेल्यावर मालक हे पाडायलाच निघाले होते, विटा नव्या ठिकाणी छोट्या चर्चला वापरायच्या म्हणून. लोकांनी ओरडा केला म्हणून वाचलं, पण पुढची वीसेक वर्षं पडूनच होतं. 1991 मध्ये गायिका एमिलू हॅरिसने इथे रेकॉर्डिंग केलं तेव्हा इमारतीची अवस्था अशी की जेमतेम दोनशे लोकांना आत सोडलं आणि बाल्कनीखाली कुणाला बसू दिलं नाही. नीट दुरुस्ती होऊन उघडलं ते 1994 मध्ये, एसी पण तेव्हाच आला, म्हणजे त्याआधी टेनेसीच्या उन्हाळ्यात हे सगळे सूट घालून गात होते.

दोन तास धरा. अर्धा तास तरी बाल्कनीत, मधल्या बाकावर, काही न करता बसा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला कारण कंट्रीची अजिबात माहिती नसेल तर पाट्या वाचून वाचून दमायला होतं. संध्याकाळी शो असेल त्या दिवशी टूरची वेळ आधी तपासा, आणि गाडी जरा लांब लावून चालत या, आम्ही अगदी जवळच्या एका लॉटमध्ये लावली आणि त्याने तिकिटापेक्षा जास्त पैसे घेतले.