ट्रिप सर्किट सुपरव्हिजन रिले : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या कारखान्यातील 11 केव्ही पॅनेलवर पूर्वी 'ट्रिप सर्किट हेल्दी'चा दिवा होता, म्हणजे दोष आल्यावर ब्रेकर उघडणारी ट्रिप कॉइल आणि तिची वायरिंग शाबूत आहे का ते दाखवणारा. बटण दाबायचे, दिवा लागला की लॉगबुकात 'ओके' लिहायचे. ब्रेकर ऑन असताना हे चालत असे. पण ऑफ असताना 52ए कॉन्टॅक्ट (ब्रेकर ऑन असतानाच जुळणारा) उघडा राहत असल्याने दिवा लागतच नसे, आणि ट्रिप कॉइलची वायर तुटलेली असली तरी ते ब्रेकर ऑन केल्यावरच कळले असते.

नवा सुपरव्हिजन रिले (ड्रॉइंगमध्ये 95 नंबरचा) 52बी कॉन्टॅक्टमधूनही (ब्रेकर ऑफ असताना जुळणाऱ्या) कॉइलकडे काही मिलिॲम्पिअर करंट सोडत असल्यामुळे ब्रेकर ऑफ असतानाही सर्किटवर नजर ठेवतो. पाचव्या महिन्यात केबलच्या कामासाठी एक फीडर (पॅनेलमधून पुढे वीज नेणारी लाइन) ऑफ होता, तेव्हा रात्री हूटर वाजला. मल्टिमीटरने पाहिले तर कॉइलचा रेझिस्टन्स बरोबर होता, मात्र टर्मिनल ब्लॉकपासून कॉइलपर्यंत कंटिन्युइटी मिळत नव्हती. वायर हलकेच ओढताच लगमधून (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्यातून) निसटून हातात आली. लग तांब्यावर न बसता इन्शुलेशनवरच क्रिंप केलेला होता. इतकी वर्षे तो नुसता टेकून होता! सकाळी तो फीडर तसाच चार्ज झाला असता.

तक्रारी आहेतच. ब्रेकरची ट्रॉली रॅक-आउट करून (पॅनेलमधून बाहेर ओढून) प्लग काढला की अलार्म येतो, त्यामुळे पहिल्या दोन महिन्यांत ऑपरेटर न पाहताच ॲक्सेप्टचे बटण दाबू लागले होते. अलार्म सर्व्हिस पोझिशनच्या (ट्रॉली पूर्ण आत असतानाच्या) लिमिट स्विचमधून घेतल्यावर हा त्रास थांबला. ट्रिपिंगच्या क्षणी किंवा डीसी क्षणभर खाली गेल्यास मात्र उगीच अलार्म येत नाही, कारण रिलेत सुमारे 400 मिलिसेकंदांचा विलंब आहे. वायरिंग करणाऱ्या कंत्राटदाराने हूटरलाही त्याच ट्रिप फ्यूजवरून डीसी दिला होता. टेस्टिंगच्या वेळी फ्यूज काढला तर रिले ड्रॉप झाला (अलार्मच्या स्थितीत गेला), पण पॅनेल गप्प. आता अनन्सिएटरला (अलार्म दाखवणाऱ्या, हूटर वाजवणाऱ्या यंत्रणेला) स्वतंत्र सप्लाय आहे.

हा रिले वायर आणि कॉइल पाहतो, मेकॅनिझम पाहत नाही. ग्रीस घट्ट झाल्याने प्लंजर (कॉइलने हलणारा दांडा) अडकला तरी तो सर्व ठीकच दाखवणार, म्हणून प्रोटेक्शन रिलेपासून प्रत्यक्ष ट्रिप घेऊन पाहण्याची चाचणी आम्ही बंद केलेली नाही. इनकमर (पॅनेलला वीज आणणारा मुख्य ब्रेकर) अजून जुन्या दिव्यावरच आहे. पुढच्या शटडाऊनमध्ये त्यालाही हा रिले बसवणार आहोत, आणि लग मी स्वतः ओढून पाहणार आहे.