एस्कॅव्हेलियर, वीतभर उंचीचा : जुळे सोलापुरात छापलेली मूर्ती

पोकेमॉनमधला माझा लाडका सरदार म्हणजे एस्कॅव्हेलियर. जुळे सोलापुरातला एक मुलगा घरीच थ्रीडी प्रिंट काढून हाताने रंगवून देतो, त्याच्याकडून ही मूर्ती करून घेतली. साडेसहाशे रुपये पडले.

आधी चिलखताचं सांगते, कारण सगळी गंमत तिथेच आहे. 2010 च्या ब्लॅक आणि व्हाइट गेममध्ये आलेला हा मुळात कॅराब्लास्ट नावाचा किडा. दुसऱ्या खेळाडूच्या शेलमेटशी, म्हणजे एका कवचवाल्या पोकेमॉनशी, अदलाबदल केली तरच तो सरदार होतो, तेही शेलमेटचंच कवच अंगावर चढवून. मी भाच्याबरोबर केली होती. कवच गेलेला शेलमेट मग चपळ ॲक्सेलगॉर बनतो. म्हणजे चिलखत दुसऱ्याचं, आणि ते मूर्तीत कळायलाच हवं. इथे कळतं! मानेपाशी कवचाची कड वेगळी उठवलीय, किड्याचं डोकं आतून बाहेर आल्यासारखं दिसतं. एवढा विचार करून काम करणारी माणसं कमी.

गोगलगायीच्या शंखात डोकं घालून तिला खाणारा भुंगेरा जपानात खरोखर आहे, माइमाइकाबुरी. कॅराब्लास्टमध्ये मला तोच दिसतो. एस्कॅव्हेलियर हे नावही तसंच जोडलेलं: फ्रेंच एस्कार्गो म्हणजे गोगलगाय, कॅव्हेलियर म्हणजे घोडेस्वार. जपानी नाव शुबारुगो, त्यातही हीच जोडी. पण या घोडेस्वाराला घोडा नाही, पायसुद्धा नाहीत, तो तरंगतो. आपली 'गोगलगाय अन् पोटात पाय' ही म्हण याच्यासाठीच असावी: गेममधल्या आकड्यांत वेग जेमतेम 20, हल्ला 135!

म्हणूनच मूर्ती पारदर्शक काडीवर अधांतरी बसवलीय ते फार आवडलं. डोक्यावरचा लाल तुराही झकास.

भाले मात्र कच्चे आहेत. टोकाकडे छपाईचे थर बोटाला लागतात आणि डावा भाला वाकडाच आला. गरम पाण्यात धरून मी तो सरळ केला. हे पीएलए प्लास्टिक साठेक अंशांना मऊ पडतं, तेव्हा आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत अजिबात ठेवू नका. वार्निशही फार चकचकीत आहे, पोलाद वाटत नाही.

मागवणार असाल तर भाले जाड आणि वार्निश मॅट सांगा. ॲक्सेलगॉर त्याने अजून केलेला नाही, पण करून देतो म्हणालाय. मी सांगून ठेवलाय.