तुटलेले बोल्ट काढायचा एक्स्ट्रॅक्टर सेट – आठ महिने वापरल्यावर

गेल्या महिन्यापर्यंत कोणी विचारलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हणालो असतो. सेटमध्ये पाच एक्स्ट्रॅक्टर (तुटलेल्या बोल्टला भोक पाडून त्यात ठोकायचे आणि उलटे फिरवून बोल्ट बाहेर काढायचे दांडे) आणि पाच उलट्या फिरकीचे ड्रिल बिट, म्हणजे मशीन रिव्हर्सला फिरवल्यावर भोक पाडणारे. सुरुवातीला नंबर प्लेटचे, मडगार्डचे दोन-तीन बोल्ट निघाले आणि मी खूश.

मग इंजिनच्या साइड कव्हरचा ६ मिमीचा बोल्ट तुटला. लोखंडी बोल्ट, अ‍ॅल्युमिनियमचं कव्हर, वर्षानुवर्षं पाणी लागलेलं, आट्यांत पांढरी पूड धरून बसलेली. रात्रभर गंज सोडवायचं तेल टाकून ठेवलं, सकाळी मधोमध ३ मिमीचं भोक पाडलं, एक्स्ट्रॅक्टर ठोकून टी हँडलने फिरवायला लागलो आणि टक्! आत तुटला. हा प्रकार भयंकर आहे कारण एक्स्ट्रॅक्टरचं पोलाद इतकं कडक असतं की साधा ड्रिल त्यावर नुसता घसरतो, म्हणजे बोल्ट परवडला असं होतं. विक्रेत्याला फोटो पाठवले तर म्हणे जास्त जोर लावला, वॉरंटीत बसत नाही. अहो, जाम बोल्टला जोर लावायचा नाही तर काय करायचं?

शेवटी वेल्डिंगवाल्याकडे गाडी नेली. बोल्ट जेमतेम २ मिमी वर होता. त्याने आधी बॅटरीची वायर काढली, तुकड्यावर नट ठेवला आणि नटाच्या आतून टाका मारला. लोखंडाचं वेल्डिंग अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही त्यामुळे कव्हरला काही झालं नाही. थोडं थंड होऊ दिलं, पाना लावून हळूहळू मागेपुढे केलं आणि बोल्ट एक्स्ट्रॅक्टरसकट बाहेर. जे पैसे वाचवायला सेट घेतला ते तिथेच गेले, याचा मला खरंच राग आला.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि शेवटी ‘घेऊ नका’ लिहिणार होतो. पण परवा त्याच कव्हरचा खालचा बोल्ट तुटला. या वेळी एक्स्ट्रॅक्टरला हातच लावला नाही. सेंटर पंचने अगदी मधोमध खूण केली (यात घाई केली की ड्रिल बाजूला सरकतो आणि अ‍ॅल्युमिनियमचे आटे खातो), उलटा बिट लावला, मशीन रिव्हर्सला, स्पीड एकदम कमी, तेलाचे थेंब सोडत राहिलो. तीनेक मिनिटांनी बिट अडकल्यासारखा झाला आणि बघतो तर बोल्टच बिटाबरोबर फिरत वर येतोय! आटे एकदम शाबूत.

साध्या बिटने भोक पाडताना बोल्ट घट्ट व्हायच्या दिशेने ढकलला जातो, हा उलटा बिट मात्र भोक पाडता पाडता सोडवायच्या दिशेने ओढत असतो, शिवाय त्याची धग लागून गंज सुटायला मदत होते ती वेगळीच. एक्स्ट्रॅक्टर निमुळता असल्याने पाचरीसारखा आत बसतो आणि बोल्ट आट्यांत आणखी दाबतो, बारीक बोल्टला तर फारच.

त्यामुळे आता माझं मत असं की नुसते उलटे बिट सुटे मिळत असतील तर तेच घ्या. माझ्या सेटमधले उरलेले चार एक्स्ट्रॅक्टर मी ८ मिमीच्या खालच्या बोल्टला लावणार नाही. ३ मिमीचा बिट बोथट झालाय, तेवढा एक नवीन आणायचाय.