पळण्याआधीचा पंप की रोजचा पंप?

पळताना छाती आवळते, थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत खोकला आणि घरघर वाढते, मग अर्ध्या-एक तासात सगळं शांत. असा दमा असेल तर निवड बहुधा दोन पंपांत (इनहेलरांत) असते. दोघांची कामं मुळातच वेगळी आहेत, त्यामुळे ‘जास्त स्ट्राँग कुठला?’ हा प्रश्न इथे गैरलागू.

जोरात श्वास घेताना कोरडी हवा श्वासनलिकांतली ओल पळवते. मग आतल्या पेशी हिस्टामिन, ल्युकोट्रायीनसारखी द्रव्यं सोडतात आणि नळ्यांभोवतीचे स्नायू आकसतात. पळण्याआधीचा, साल्ब्युटामॉलचा पंप हे स्नायू सैल करतो, तर रोजचा, स्टिरॉइडचा पंप मुळातली सूज उतरवतो.

साल्ब्युटामॉल व्यायामाच्या 10-15 मिनिटं आधी घ्यायचा. असर साधारण 2 ते 4 तास, आणि गुण लगेच दिसतो. इथेच फसायला होतं. रोज घेत गेलं की त्याचं संरक्षण तोकडं पडू लागतं, आणि सूज मात्र जागच्या जागी. म्हणूनच ‘जीना’ या जागतिक दमा मार्गदर्शिकेने 2019 पासून मोठ्यांना आणि किशोरवयीनांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर राहू नका असं सांगितलंय.

रोजचा स्टिरॉइड पंप याच्या उलट. पहिल्या आठवड्यात काहीच जाणवत नाही, म्हणून अनेक जण तिथेच सोडतात. त्याला 2 ते 4 आठवडे तरी द्यावे लागतात. नावाची धास्ती घेऊ नका: मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि दंड फुगवणारी स्टिरॉइडं ती वेगळी. घेतल्यावर चूळ मात्र भरायची, नाहीतर तोंडात बुरशी येऊ शकते.

माझा कौल? महिन्यातून एखादा सामना आणि एरवी काहीच त्रास नाही, तर पळण्याआधीच्या पंपाचं डॉक्टरांशी बोला. रोज पळत असाल किंवा रात्रीही खोकला येत असेल, तर स्टिरॉइडला पर्याय नाही. ब्युडेसोनाइड (स्टिरॉइड) आणि फॉर्मोटेरॉल (स्नायू सैल करणारं औषध) यांच्या एकाच पंपात दोन्ही कामं होतात आणि तो व्यायामाआधीही चालतो, त्यामुळे मला तोच जास्त पटतो. माँटेलुकास्टची गोळीही आहे, पण तिच्या मनावरच्या परिणामांबद्दल अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने 2020 मध्ये ठळक इशारा दिला. माझ्या यादीत ती शेवटी.

पंप कुठलाही असो, आधी 10-15 मिनिटं अंग तापवा, मध्ये छोट्या जोरदार धावा घ्या. साधारण निम्म्या लोकांना त्यानंतर काही काळ त्रास कमी होतो. पंप घेऊनही बोलता येईनासं झालं, तर मात्र थेट दवाखाना.

आणि श्वास सोडताना नाही, आत घेतानाच घशाशी अडकत असेल, थांबल्यावर दोन-चार मिनिटांत मोकळं होत असेल, तर दोष स्वरयंत्राचा असू शकतो. तिथे दोन्ही पंप निरुपयोगी. निवड करण्याआधी व्यायामानंतरची स्पायरोमेट्री (नळीत फुंकून श्वास मोजण्याची चाचणी) करून घ्या.