मिनोल्टा ऑटोकॉर्ड : अकरा महिन्यांचा वापर आणि फोकसचा लीव्हर

दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात, सकाळी साडेआठला माझ्या ऑटोकॉर्डचा, म्हणजे एकावर एक दोन भिंगं असलेल्या जुन्या जपानी फिल्म कॅमेऱ्याचा, फोकसचा लीव्हर मोडला. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा टक् आवाज आला आणि अर्धा लीव्हर माझ्या बोटांत राहिला. समोर पांढरा घोडा मागच्या दोन पायांवर उभा, मी मान खाली घालून कॅमेऱ्यावरच्या स्क्रीनमध्ये बघतोय, आणि स्क्रीनवरचा घोडा धूसर तो धूसरच.

तुकडा तळहातावर घेऊन पाहिला. बाहेरून काळा रंग, आतून राखाडी आणि रवाळ, खडीसाखरेचा खडा फोडल्यावर दिसतो तसा. जस्ताचा ओतीव मिश्रधातू. पितळ असतं तर आधी वाकलं असतं, मला कळलं असतं. हा काही न सांगता तुटला.

ज्यांच्याकडे ऑटोकॉर्ड आहे त्यांना यात नवीन काही नाही. या कॅमेऱ्याचं हे जगभर माहीत असलेलं दुखणं आहे. भिंगांची पाटी ज्या आट्यांवर पुढे-मागे सरकते, त्या आट्यांतलं साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचं ग्रीस वाळतं. त्यातलं तेल निघून जातं, मागे डिंक उरतो. सगळा जोर मग खालच्या त्या चिमुकल्या लीव्हरवर येतो. मला हे घेण्याआधी माहीत होतं. म्हणूनच मी विकणाऱ्याला सर्व्हिसचे वेगळे अडीच हजार मोजले. कॅमेऱ्याचे एकवीस हजार पाचशे, सर्व्हिस धरून चोवीस हजार. बिलावर ‘फुल सर्व्हिस’ असं त्याच्याच हातचं लिहिलेलं आहे.

जूनमध्ये कॅमेरा हातात आला तेव्हा लीव्हर लोण्यासारखा फिरत होता. आता कळतं की तो गुण सर्व्हिसचा नव्हता, जूनचा होता. जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, जूनमध्येही पाऊस लागेपर्यंत घर भट्टीसारखं तापलेलं असतं. तेवढ्या उष्णतेत कुठलंही जुनं ग्रीस पातळ होतं. दिवाळीनंतर लीव्हर जड जायला लागला तेव्हा मी विकणाऱ्याला फोन केला होता. तो म्हणाला, “साहेब, जुना कॅमेरा आहे, वापरून वापरून मोकळा होईल.” मी विश्वास ठेवला. सारंगखेड्यात रात्रभर कॅमेरा जीपमध्ये होता आणि पहाटे थंडी दहा अंशांच्या आसपास. पुढचं वर सांगितलंच आहे.

आधी त्या सकाळचं पूर्ण सांगतो, कारण कॅमेऱ्याबद्दलचं माझं मत तिथेच पहिल्यांदा हललं. बारापैकी सहा फोटो उरले होते. फोकस दहा फुटांच्या खुणेवर अडकला होता. हिशोब केला : ७५ मिलिमीटरचं भिंग, छिद्र एफ ११, अंतर दहा फूट. म्हणजे साधारण पावणेआठ फुटांपासून चौदा फुटांपर्यंत सगळं स्वच्छ यायला हवं. एचपी ५ ही कृष्णधवल फिल्म भरलेली होती, ऊन कोवळं होतं, शटर १/२५० वर ठेवलं आणि फोकस पायांनी केला. चार पावलं पुढे, दोन मागे. तापीकाठची वाळू, घोड्यांच्या पायातले घुंगरू, हलगीचा ताल. अशा दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात, म्हणजे टीएलआरमध्ये, घोडा डावीकडे निघाला की स्क्रीनवर उजवीकडे जातो, त्यामुळे पळत्या घोड्यामागे कॅमेरा फिरवणं मला अजूनही जमत नाही. मी नाचणारे, जागेवर खूर आपटणारे घोडेच घेतले.

एका फेटेवाल्या मालकाने मी वाकून उभा असलेला पाहिला आणि म्हणाला, “मना फोटू नको काढू भो, घोडाना काढ.” मी म्हटलं, घोड्याचाच काढतोय. तो निर्धास्त झाला, घोड्याच्या मानेवर हात ठेवून भलतीकडे बघत उभा राहिला. त्याला विचारून दोघांचा मिळून एक घेतला. डोळ्याला कॅमेरा लावला की माणसं ताठ होतात. पोटाशी कॅमेरा धरून मान खाली घातली की समोरच्याला वाटतं, हा नमस्कारच करतोय. सहापैकी पाच फोटो सुईसारखे टोकदार आले. रोक्कोर या मिनोल्टाच्या भिंगाबद्दल जेवढं चांगलं ऐकलं होतं ते सगळं त्या पाच निगेटिव्हमध्ये आहे. घोड्याच्या पापण्या मोजता येतात.

आता विकणाऱ्याचं. त्याचं पहिलं वाक्य : “तुम्ही जोर लावला असेल.” दुसरं : “ग्रीस बदलणं सर्व्हिसमध्ये येत नाही.” मी विचारलं, मग काय येतं? काच पुसणं आणि शटर तपासणं. दुरुस्तीचे साडेसहा हजार, शिवाय जाण्या-येण्याचं कुरिअर माझ्याकडे, आणि लीव्हर मिळेलच याची खात्री नाही. बिलाचा फोटो पाठवला, फोनला उत्तर देणं बंद झालं. अडीच हजार रुपये ही रक्कम लहान नाही. १२० आकाराच्या फिल्मचा एक रोल मला मुंबईहून मागवून हजाराच्या घरात पडतो, म्हणजे एका फोटोला ऐंशी रुपये. अडीच हजारांत मी अडीच रोल काढले असते, तीस फोटो. मी तो हिशोब अजून विसरलेलो नाही.

बाकीच्या गोष्टी पटपट. माझ्या कॅमेऱ्याच्या भिंगावर कंपनीचं जुनं नाव, चियोको, लिहिलेलं आहे, म्हणजे कंपनीने १९६२ मध्ये मिनोल्टा कॅमेरा हे नाव घेण्याआधीचा. प्रकाश मोजायचा मीटर नाही, मला नकोच होता, मोबाइलवर चालतं. एक सेकंदाचं शटर सव्वा-दीड सेकंद घेतं, फरक पडत नाही. स्क्रीन कोपऱ्यांत अंधारी आहे, घरात संध्याकाळनंतर फोकस करणं अवघड. बघण्याच्या भिंगावर बुरशीचा एक कोळ्याच्या जाळ्यासारखा डाग आला होता, तो मुंबईची दमट हवा सोबत घेऊन आलेला. आपल्या कोरड्या हवेत तो वाढला नाही. पावसाळ्याचे तीन महिने सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवा, पुरतं.

फिल्म वरून खाली जाते, फोटो घेऊन झाल्यावरच वळते. रोलाय या जर्मन टीएलआरमध्ये ती वळूनच फोटो पडतो त्या खिडकीसमोर येते. त्यामुळे ऑटोकॉर्डमध्ये फिल्म सपाट राहते असं म्हणतात. मला माझ्या निगेटिव्हमध्ये कडेपर्यंत कुठे ढिलेपणा दिसला नाही, एवढं सांगू शकतो.

इथपर्यंतचं जानेवारीत लिहून ठेवलं होतं. शेवटी एक वाक्य होतं : ऑटोकॉर्ड घेऊ नका, त्याच पैशांत चांगली यशिका (दुसरा जपानी टीएलआर) घ्या. ते वाक्य आज खोडलं. मे उजाडला आहे.

झालं असं. फेब्रुवारीत मी कॅमेरा आमच्या घड्याळवाल्या काकांकडे नेला. त्यांनी असला कॅमेरा कधी उघडला नव्हता, पण स्क्रू बघून म्हणाले, “हे उघडता येतं. घाई करू नका.” चार दिवस रोज संध्याकाळी तासभर बसलो. प्रत्येक स्क्रू काढला की कागदावर चिकटवायचा, शेजारी चित्र. आटे सोडवताना एकच गोष्ट जिवापाड सांभाळायची : पाटी नेमकी कुठे सुटली ती जागा खिळ्याने ओरखडून ठेवायची. आटे परत बसवताना दुसऱ्या जागी बसले तर कॅमेरा चालतो, पण लांबचं कधीच स्वच्छ येत नाही. आतलं ग्रीस हिरवट काळं, नखाने खरवडावं लागलं. म्हणजे विकणाऱ्याने पाटीला हातच लावला नव्हता. काकांनी लायटरच्या पेट्रोलमध्ये बुडवून, दातांच्या ब्रशने ते सगळं काढलं.

लीव्हरचं काय करायचं हे काकांना कळेना. लेथवर होण्यासारखी वस्तू नाही, इतकी लहान आणि वाकडी. मग तेच म्हणाले, सराफ बाजारात विचार. मागच्या गल्लीत बंगाली कारागीर बसतात, त्यातल्या एकाकडे मोडलेले दोन्ही तुकडे घेऊन गेलो. त्याने ते लाखेवर जोडून ठेवले, जाडी मोजली, आणि म्हणाला, “हो जायेगा दादा, सोना तो नहीं ना चाहिए?” पितळेची पट्टी घेतली. केसाएवढ्या करवतीने आकार कापला, कानशीने कडा घासल्या, भोक पाडलं, तापवून किंचित वाकवलं. मधूनमधून मोडका तुकडा वर धरून उजेडात जुळवून बघायचा. दोन तास मी त्याच्यासमोर मांडी घालून बसलो होतो. टोकाला बोट घसरू नये म्हणून बारीक रेघा मारायला मी सांगितलंही नव्हतं, त्याने स्वतःच्या मनाने मारल्या, बांगडीवर मारतात तशा. साडेतीनशे रुपये घेतले. मी पाचशे दिले, त्याने दीडशे परत केले.

काकांचे आठशे. एकूण साडेअकराशे. तिकडे साडेसहा हजार मागितले होते.

जोडल्यावर गच्चीवर तपासणी केली. ज्यांनी अशी पाटी उघडली असेल त्यांनी ही करायलाच हवी. मागचं दार उघडून फिल्मच्या जागी काचेवर ताणून चिकटवलेला बटर पेपर लावा, शटर ‘बी’ वर उघडं ठेवा आणि रात्री खूप लांबच्या मोबाइल टॉवरचा लाल दिवा बघा. लीव्हर अनंताच्या खुणेवर असताना दिवा बटर पेपरवर ठिपका दिसला पाहिजे, आणि त्याच वेळी वरच्या स्क्रीनमध्येही. आमचा खाली ठिपका होता, वर धुरकट. वरचं भिंग अर्ध्या फेऱ्यापेक्षा कमी फिरवलं, जुळलं. त्या रात्री मला झोप आली नाही, सकाळी कधी एकदा रोल भरतो असं झालं.

आणि आता लीव्हरबद्दल. जानेवारीत मी त्याच्यावर रागावलो होतो, तो राग धातूवर होता आणि तो कायम आहे. पण रचना! माझ्याकडे लुबिटेल २ आहे, यशिका डी आहे. लुबिटेलमध्ये भिंगाचे दात फिरवायचे, बोट काचेपुढे येतं. यशिकात बाजूचा गुंडा फिरवायचा, हात हलला की चौकट हलते. ऑटोकॉर्डचा लीव्हर भिंगाच्या बरोबर खाली आहे. दोन्ही तळहातांवर कॅमेरा तोलायचा आणि एका बोटाने, पकड जराही न सोडता, साधारण तीन फुटांपासून अनंतापर्यंत जायचं. अंतराच्या खुणाही वरून दिसतात. आट्यांत नवं ग्रीस असताना हा लीव्हर असा चालतो की फोकस करतोय हे विसरायला होतं.

रामनवमीला आई अंगणात खापरावर मांडे करत होती. हातावर पोळी झेलत मोठी करायची, ती मनगटांवरून कोपरापर्यंत पसरते, मग उपड्या खापरावर टाकायची. पोळी हातात असते तो वेळ चार-पाच सेकंदांचा. आई सारखी पुढे-मागे हलते. मी साडेतीन फुटांवर पाटावर बसलो होतो, बोट पितळेवर. पोळी पुढे आली की बोट एक दाणाभर इकडे, मागे गेली की तिकडे. बारा फोटोंत नऊ नेमके आले. एकात पोळीच्या आरपार चुलीचा उजेड दिसतोय आणि आईच्या हाताच्या शिरा. यशिकाने हे मला कधीच मिळालं नव्हतं, तीन वर्षं प्रयत्न केला होता.

जवळून काढताना एक लक्षात ठेवा : वरचं भिंग बघतं, खालचं भिंग काढतं. मी चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांच्या घरचं कलादालन बघून आलो होतो. स्टेशनजवळच्या त्या घराबाहेर फारसं न पडता त्यांनी टेबलावर वस्तू मांडून अख्खी निसर्गदृश्यं उभी केली. ते बघून मीही दोन क्लोजअप भिंगं लावून टेबलावर कपाशीची बोंडं मांडली. पहिल्या रोलवर प्रत्येक बोंडाचं डोकं कापलेलं. उपाय साधा आहे. चौकट जुळवून घ्यायची, मग दोन भिंगांच्या केंद्रांमध्ये जेवढं अंतर आहे तेवढाच ट्रायपॉड वर उचलायचा आणि मग क्लिक. मी ते अंतर मोजून ट्रायपॉडच्या नळीवर खूण करून ठेवली आहे.

फिल्म धुण्याबद्दल खूप जण विचारतात, तर उन्हाळ्यात माझं असं चालतं. रसायनं वीस अंशांवर आणण्याचा हट्ट मी सोडला. माठातल्या पाण्यात बाटल्या ठेवल्या की कोरड्या हवेत ती चोवीसच्या आसपास येतात. आयडी ११ हा डेव्हलपर पाण्यात एकास एक, एचपी ५ ला वीस अंशांवर तेरा मिनिटं लागतात, चोवीसला मी नऊच्या जरा वर थांबतो. डेव्हलपर, फिक्सर, धुण्याचं पाणी, सगळं माठाच्याच तापमानाचं, नाहीतर फिल्मवरच्या थराला सुरकुत्या पडतात. आमचं नळाचं पाणी जड, त्यामुळे शेवटची बुडी बॅटरीच्या पाण्याची. पाच लिटरच्या कॅनमध्ये महिनाभर भागतं. वाळवायला न्हाणीघर, गरम पाणी सोडून धूळ खाली बसवल्यावर. बाहेर टांगली तर मेच्या वाऱ्याने फिल्मला शेतातली माती चिकटते.

तर घ्यायचा असेल तर घ्या, पण विकणाऱ्याच्या शब्दावर नाही. करंगळीने लीव्हर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन बघा, आणि हे डिसेंबर-जानेवारीत सकाळी बघा, मेच्या दुपारी नाही. लांबून घेत असाल तर करंगळीचाच व्हिडिओ मागा. करंगळीला जड गेला तर आट्यांची सफाई आधी, पहिला रोल नंतर. आणि ज्यांचा लीव्हर आधीच मोडला आहे त्यांनी तुकडे फेकू नका, पानसुपारीच्या डबीत ठेवा. कारागिराने माझ्या लीव्हरचा कागदी नमुना त्याच्या खणात ठेवला आहे, पण जाडी त्याला मोडक्या तुकड्यावरूनच घ्यावी लागते.