‘प्रगत नेटवर्क व्यवस्थापन’ : एम.टेक.च्या एका वैकल्पिक विषयाचा अनुभव

नोकरी सांभाळून एम.टेक. करताना मी हा विषय घेतला. महाविद्यालयाचे नाव देण्याची गरज वाटत नाही. त्याची खरी जमेची बाजू म्हणजे प्रयोगशाळा. एसएनएमपीच्या, म्हणजे नेटवर्कवरील उपकरणांवर लक्ष ठेवण्याच्या प्रोटोकॉलच्या, जुन्या आवृत्त्यांत कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे एक प्रकारचा परवलीचा शब्द, कूटबद्ध न करताच पाठवला जातो, हे वाचले होतेच. पण वायरशार्क या पॅकेट तपासण्याच्या साधनात एसएनएमपीच्या यूडीपी पोर्ट १६१ वरील पॅकेट उघडून तो शब्द पडद्यावर जसाच्या तसा दिसला, तेव्हा तिसऱ्या आवृत्तीत ओळख पडताळणी आणि कूटलेखन का आणावे लागले, हे वेगळे शिकवावे लागले नाही. (आमच्या वर्गात त्या दिवशी बऱ्याच जणांनी आपापल्या कार्यालयातील स्विच आठवून जीभ चावली.)

तासिकांबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. दोष, संरचना, हिशेब, कार्यक्षमता आणि सुरक्षा या आयएसओने ठरवलेल्या नेटवर्क व्यवस्थापनाच्या पाच विभागांवर जवळजवळ महिना गेला, तर नेटकॉन्फ (उपकरणांची संरचना बदलण्याचा प्रोटोकॉल) आणि यांग (त्या संरचनेचा आराखडा मांडण्याची भाषा) अखेरच्या दोन तासिकांत उरकले. अनेक राउटरची संरचना बदलताना एखादा बदल फसला, तर सारे पूर्ववत करता यावे म्हणून नेटकॉन्फमध्ये, उपकरणाने ती सोय दिलेली असल्यास, बदल आधी कॅंडिडेट संरचनेत, म्हणजे कच्च्या प्रतीत, करून मग कमिट, म्हणजे प्रत्यक्ष लागू, करता येतो. नोकरीत रोज लागते ते नेमके हेच, आणि प्रयोगांच्या यादीत तेच नव्हते.

पायथॉन बऱ्यापैकी येत असेल आणि घरी जीएनएस३ या नेटवर्कची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर सराव करण्याची तयारी असेल, तरच हा विषय निवडावा.